चौदा कोऱ्या काचा

३ फेब्रु. ९७, सोमवार
पाचवी नोकरी लागली. दवाखान्याची. बायकांना कॅन्सर व्हायच्या आधीच तपासून बघणारी एक गाडी आहे, गल्लोगल्ली फिरते, तिच्यावर मदतनीस. फिरायचा पगार देतात म्हटल्यावर मी कशाला नको म्हणू. एस.एस.एल.सी. नापास आहे हे आधीच सांगून टाकलं. मर्सी सिस्टर म्हणाली, आकडे लिहायला येतात ना, झालं मग.
मी राहते त्या माळ्याची मालकीण शकुअक्का म्हणाली, "हे तरी किती दिवस, मंदे?" खालून अण्णा मशीन थांबवून म्हणाले, "पावसापर्यंत." नवराबायको दोघं मिळून माझ्यावर पैज लावतात, मजा येते त्यांना.

५ फेब्रु.
काम शिकले. बाई पडद्यामागे जाते. सिस्टर लाकडी चपट्या काडीने गर्भपिशवीच्या तोंडावरून हलकेच पुसून घेते, ते काचेच्या पट्टीवर पसरते. त्या आधी पट्टीच्या खरखरीत टोकावर मी बाईचा नंबर लिहायचा. मग पट्टी लगेच स्पिरिटच्या बरणीत. नंबर पेन्सिलनेच लिहायचा, हे सिस्टरने तीनदा सांगितलं. एवढं काय त्यात. बरणी बघत बसले, स्पिरिटमधून पलीकडचं दार वाकडं दिसतं.

६ फेब्रु.
पहिलं शिबिर आमच्याच गल्लीत ठेवलंय, शिवाजीनगरात. नाव मराठी, शहर कानडी. बायका जमवायचं माझ्याकडे. गल्लीतल्या निम्म्या बायका घरबसल्या काजं-बटणं आणि हेमिंग करतात, त्यामुळे सगळ्या एकाच ओट्यावर सापडतात, पण एकही मान वर करत नाही.
खैरूनबी, जी सगळ्यांत मोठ्यांदा बोलते, ती म्हणाली, "शादी हुई नै, हमना सिखाने आई." सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार.
शेवटी शकुअक्काने तोंडातला दोरा तोडून म्हटलं, "मी जाणार. ज्यांना यायचं त्या या, ज्यांना नको त्यांनी बटणं लावा." तिच्यामागे बाकीच्या.

९ फेब्रु., रविवार
तेवीस बायका. तेवीस. सिस्टर म्हणाली एवढ्या पहिल्या दिवशी कुठेच आल्या नव्हत्या. समाजाचा हॉल, दोन पडदे, बाहेर मी सगळ्यांना सुपारी वाटत होते, लग्नघरासारखं.
जेवणानंतर पेन्सिल सापडेना. टेबलाखाली, गाडीत, रजिस्टरमध्ये, कुठेच नाही. बाहेर रांग उभी. तीन दिवसांपूर्वी बाजारातून जाड काळा मार्कर घेतला होता, नुसता आवडला म्हणून. त्याने लिहिले. दहापासून तेवीसपर्यंत. आकडे काय सुंदर आले, दुकानाच्या पाटीसारखे.
संध्याकाळी केस सोडले तर अंबाड्यातून पेन्सिल पडली.

१० फेब्रु., सोमवार
लॅबमधून बोलावणं. टेबलावर पट्ट्या मांडलेल्या. पहिल्या नऊ ठीक. पुढच्या चौदा कोऱ्या. स्पिरिटने शाई खाऊन टाकली, बरणीतलं स्पिरिट राखेच्या पाण्यासारखं झालं होतं. शिवाय बरणीत टाकताना मागेपुढे झालेल्या, म्हणजे क्रमही गेला.
सिस्टर रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली. म्हणाली, "बघू. सगळ्या चांगल्या निघाल्या तर काही बिघडलं नाही."
अण्णांना सांगितलं. ते शिंपी माणूस, म्हणाले, "आम्ही कापडावर खडूने खूण करतो, ती धुतल्यावर जावी म्हणून. धोबी खूण करतो, ती कधी जाऊ नये म्हणून. तुला धोब्याची खूण हवी होती, तू खडूची केलीस." मग म्हणाले, जेव आता.

१५ फेब्रु.
काम चालू आहे. बनशंकरीला शिबिर झालं, एकोणीस बायका, सगळे नंबर पेन्सिलने. पेन्सिल दोऱ्याने मनगटाला बांधलीय. सिस्टर बघून काही बोलली नाही.
येताना देवळाबाहेर लिंबाच्या सालीत तेल घालून लावलेले दिवे बघत बसले, गाडी चुकली.

२४ फेब्रु., सोमवार
चौदांतली एक चांगली नाही.
डॉ. बाईंनी आत बोलावलं. त्या मूळच्या नागपूरच्या, माझ्याशी मराठीत बोलतात. वाटलं काढून टाकणार. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि अंगठ्याजवळची चामखीळ दाखवली. "ही कशाने होते?"
म्हटलं, उष्णतेने.
"विषाणूने. आणि त्याचं कुटुंब मोठं आहे. बहुतेक भाऊ निरुपद्रवी. तुझ्या हातावरचा तसलाच, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पण थोडे भाऊ वाईट. ते पिशवीच्या तोंडाशी जाऊन बसतात. बहुतेक बायकांचं अंग त्यांना आपणहून घालवून देतं. एखादीचं नाही घालवत. मग तो वर्षानुवर्षं गप्प बसून तिथल्या पेशी बिघडवत राहतो. दुखत नाही, खुपत नाही. आधी बिघाड, आणि फार पुढे जाऊन कॅन्सर."
विचारलं, आता ती बाई कुठल्या पायरीवर आहे?
"बिघाडाच्या. बराच आहे बिघाड, पण पट्टीवरून तरी अजून तेवढंच. हीच तर वेळ असते सापडायची. एवढासा तुकडा काढला की सुटली. उशीर केला तर..." त्यांनी पट्टी दिव्यासमोर धरली. काचेवर एक निळसर डाग, बस. "हिला नाव नाही, मंदा."
चौदाजणींना पुन्हा आणायचं. म्हटलं मी आणते. म्हणाल्या, "घाबरवू नकोस. पण खोटंही बोलू नकोस."

२५ फेब्रु.
खोटं बोलले. काचा फुटल्या म्हणून सांगितलं. ओट्यावर कुणी हात थांबवला नाही. खैरूनबी म्हणाली, "फूटे तो फूटे. हम एक बार बेशरम हो लिए, बस हो गया."
दुसरी म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. तिसरीला मुलाची परीक्षा. सगळ्या गोड बोलल्या. म्हणजे कुणीही येणार नाही.
एकेकीच्या तोंडाकडे बघते. ही असेल. नाही, ही. चौदांत शकुअक्काही आहे. मला वाढताना तिने विचारलं, "काय गं अशी बघतेस?"

२७ फेब्रु., गुरुवार
अक्काला सांगून टाकलं. मार्कर, अंबाडा, कोऱ्या काचा, एक वाईट. ती तांदूळ निवडत होती. हात चालूच. सुपातले संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मी पण असू शकते."
"हो."
"आणि तू काचा फुटल्या म्हणालीस."
मी निवडलेले खडे गोळा केले.
"उद्या नल्लीवर सांग. माझ्या एकटीला सांगून काय उपयोग." नल्ली म्हणजे नळ, इथे सगळेच तसं म्हणतात, आता मीही. "आणि काही सजवू नको. जसं झालं तसं."

२८ फेब्रु., शुक्रवार
सकाळी सहाला पाणी येतं. घागरी रांगेत. मी मध्ये उभी राहून सांगितलं. कन्नडमध्ये, मराठीत, मग मोडक्या दखनीत. माझ्या हातून चूक झाली, पेन्सिल माझ्या डोक्यात होती आणि मी शाईने लिहिलं. तुम्हा चौदांत एकीचा रिपोर्ट चांगला नाही, ती कोण हे कुणालाच माहीत नाही. आत्ता सापडली तर बरी होणार आहे.
आधी नुसतं पाणी पडत राहिलं. मग जे सुरू झालं. माझी आई निघाली, माझं गाव निघालं, निपाणीचं नाव इतक्या वेळा मी वर्षात ऐकलं नसेल. एकीने मुलाला धरून घरात ओढलं, जसं काही मीच रोग. खैरूनबीने घागर आपटली: "पेंसिल सिर में रखको ढूँढती थी? खोपड़ी में और क्या क्या रखी है, बता."
कुणीतरी मागून हसलं. मग दुसरी. मग खैरूनबीलाच हसू आलं, ओढणी तोंडात धरून. थांबेना. अक्का म्हणाली, "सरी, बरं. आता स्वल्प ऐका."

त्याच दिवशी, दुपारी
ओट्यावर सभा. मला बाहेर बसवलं, तरी ऐकू येत होतं. भीती रोगाची कमी, नावाची जास्त. कुणाचं निघालं हे गल्लीत कळलं तर पोरीच्या लग्नापर्यंत बोलतील. आणि कुठल्याशा बाईने म्हटलं की हे नवऱ्याकडून येतं म्हणे. मग तर नकोच.
दोन तासांनी मला आत बोलावून अटी सांगितल्या. अक्का बोटांवर मोजत सांगत होती:
नंबर आमच्यासमोर लिहायचा. रिपोर्ट चौदांचे एकदम, एकाच दिवशी. प्रत्येक बाईला आत एकटीला घ्यायचं आणि प्रत्येकीला तेवढाच वेळ आत बसवायचं, घड्याळ लावून दहा मिनिटं, चांगलं असो वाईट असो. बाहेर येताना प्रत्येकीच्या हातात सारखंच पुडकं. आणि कुणी कुणाला विचारायचं नाही.
"पुडक्यात काय?"
"काही घाला. रक्ताच्या गोळ्या घाला. तशाही सगळ्यांना लागतात."
अटी कागदावर उतरवल्या आणि धावतच दवाखान्यात गेले. डॉ. बाईंनी अटी दोनदा वाचायला लावल्या. म्हणाल्या, "हे आम्हाला आधी का सुचलं नाही?" आणि कागद स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला.

२ मार्च, रविवार
आल्या. जरीच्या साड्या नेसून, गजरे घालून, गाडीत कोंबून बसून. ड्रायव्हर म्हणाला लग्न कुणाचं. खैरूनबी म्हणाली, "तेरा. उतरको आता क्या?"
सिस्टरने या वेळी हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने काचेवर नंबर कोरला, वर मी पेन्सिलने लिहिला. प्रत्येक बाईने वाकून बघितलं. एकीने बोट फिरवून खरवडून पाहिला. जात नाही म्हटल्यावर आत गेली.
तेराजणी झाल्या. चौदावी आलीच नाही. महिनाभरासाठी बहिणीकडे गेलीय म्हणे, त्या दिवशी नळावरही नव्हती. कुठे? सर्जापूर रोड. तो केवढा लांब आहे.

११ मार्च, मंगळवार
सिस्टरने दार लावून सांगितलं. तेराच्या तेरा चांगल्या.
आधी इतका आनंद झाला की तिला मिठी मारली. अक्का सुटली. खैरूनबी सुटली. मग सिस्टरचं तोंड बघितलं आणि कळलं.
डॉ. बाई म्हणाल्या, शंभर टक्के नाही म्हणता येत, तपासणी कधी चुकते, पण बहुतेक तीच. तिला आणा. रिपोर्ट ती आल्याशिवाय कुणालाच सांगायचे नाहीत, अट आहे.
नाव इथे लिहीत नाही. ही वही माळ्यावर उघडी पडलेली असते, अक्काला मराठी वाचता येतं. चौ. लिहीन.
मला काहीतरी माहीत आहे आणि बोलायचं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा. जीभ दुखते.

१३ मार्च, गुरुवार
अण्णांची सायकल घेतली. पत्ता एवढाच की चौ.च्या बहिणीचा नवरा सर्जापूर रोडला द्राक्षाच्या मळ्यावर राखण करतो, निलगिरीच्या रांगा संपल्या की. निलगिरीच्या रांगा संपतच नाहीत. आणि मळे किती.
पहिल्या मळ्यावर कुत्रं. दुसऱ्यावर म्हातारा, त्याने द्राक्षं दिली आणि स्वतःच्या सुनेची कागाळी सांगितली, अर्धा तास गेला. पुढे विटांची भट्टी होती, ती कशी रचतात ते बघायला उतरले, तिथेही वेळ गेला. पंक्चर झालं. दावणगिरीला तीन महिने सायकलच्या दुकानात काढले ते वाया नाही गेले, ठिगळ स्वतः लावलं, पाण्याचा हौद कोंबड्यांच्या शेडमधला.
सहाव्या मळ्यावर चौ. सापडली. घडांवर कागदाच्या पिशव्या चढवत होती. मला बघून म्हणाली, "गल्लीत कुणी गेलं का?"
म्हटलं नाही, सगळे बरे आहेत, काचा पुन्हा करायच्या आहेत, सगळ्यांच्याच, माझी चूक. पेन्सिलची गोष्ट सांगितली. हसली.
मग म्हणाली, "बाकीच्यांचं काय आलं?"
"सगळ्यांचं एकदम सांगणार. तशी अट आहे."
तिने आणखी एक पिशवी चढवली, दोरा बांधला. "एवढ्या उन्हात सायकल मारत आलीस. नुसती काच करायला?"
मी पायातला काटा काढत होते. काटा नव्हता.
"उद्याच्या बसने येते," म्हणाली. "आज एवढी ओळ संपवते."

१४ मार्च
आली. अकराच्या बसने. तिचीही काच झाली, नंबर कोरून. मी आठपासून स्टँडवर. मधे एकदाही कुठे गेले नाही, समोर माकडाचा खेळ चालला होता तरी.

२२ मार्च, शनिवार
रिपोर्टचा दिवस. हॉलमध्ये चौदाजणी भिंतीला टेकून, हातात शिवणकाम घेऊन आलेल्या, वेळ कशाला घालवायचा. आत डॉ. बाई, सिस्टर आणि टेबलावर गजराचं घड्याळ. दहा मिनिटांनी वाजायचं, बाई बाहेर, हातात गोळ्यांचं पुडकं. पुढची.
पहिली बाई बाहेर येऊन म्हणाली, दोन मिनिटांत बोलणं संपलं, आठ मिनिटं डॉक्टरबरोबर सांबाराच्या मसाल्यावर बोलत बसलो. पाचवी आतून रडत आली. सगळ्यांच्या सुया थांबल्या. मग ती म्हणाली दाढ दुखतेय, ती दाखवली. खैरूनबीने आत काय सांगितलं देव जाणे, डॉ. बाईंचं हसणं हॉलभर ऐकू आलं.
चौ. पण दहा मिनिटांत बाहेर आली. हातात पुडकं. तोंडावर काही नाही. बसली आणि अर्धवट राहिलेलं काज पुरं केलं. मी बघितलं नाही. बघितलं, पण सगळ्यांकडे बघते तसंच.

२३ मार्च
सिस्टरने सांगितलं, आत चौ.ने दोनच प्रश्न विचारले. एक, मरणार का. डॉ. बाई म्हणाल्या, ह्याने नाही, वेळेवर आलीस तर. दोन, हे त्यांच्याकडून आलं का. नवरा जाऊन सहा वर्षं झालीत तिचा.
डॉ. बाई म्हणाल्या, हा विषाणू इतका सर्रास असतो की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना कधी ना कधी भेटतोच. बाईला, पुरुषाला. कुठून आला, कधी आला, वीस वर्षांपूर्वी का पंधरा, कुणालाच सांगता येत नाही. वागणुकीचा दाखला नाही तो.
चौ.ने पदराचं टोक सारखं केलं. म्हणाली, "मग भांडायला कुणी नाहीच म्हणा." आणि घड्याळ वाजेपर्यंत उरलेला वेळ खिडकीतून बघत बसली.

२५ मार्च
चौ.ला एका यंत्रातून तपासलं, दुर्बीण म्हणता येईल असं. मी टॉर्चवाली म्हणून आत होते, चौ.नेच सांगितलं, राहू दे तिला. डॉ. बाईंनी कापसाने व्हिनेगर लावला आणि एक मिनिट थांबल्या. जिथे बिघाड होता तेवढाच भाग पांढरा झाला. बाकी गुलाबी. मला पण दाखवलं. एवढासा. माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
एवढ्याशासाठी पंधरा मैल सायकल. वाटलं ओरडून सगळ्या गल्लीला सांगावं की सापडला, हा बघा, सापडला. तोंडात पदर कोंबला.
एक कण तपासायला पाठवला.

२७ मार्च
कॅन्सर नाही. कडेवर येऊन उभा होता, आत गेला नव्हता. उद्या तो भाग शंकूसारखा कापून काढणार. गल्लीत सांगितलंय की चौ. परत बहिणीकडे गेली.
संध्याकाळी अक्काने मला एक गाऊन दिला. फिकट निळा, पुढून बंद सोडायचा, दवाखान्यात लागतो तसा. नवा, अजून कोऱ्या कापडाचा वास.
"ज्या कुणाची ती काच असेल तिला. मला नाव सांगू नको."
"माप कुणाचं घेतलंस?"
"कुणाचंच नाही. सैल शिवलाय. चौदांतल्या कुणालाही होईल."
मी माळ्यावर जाऊन रडले थोडी. आनंदानेच. मग कोपऱ्यात कबुतराने घरटं केलंय ते दिसलं.

२८ मार्च, शुक्रवार
झालं. अर्धा तास. चौ. शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली, "गाऊनची शिलाई अण्णांच्या मशीनची नाही. अक्काच्या हातची आहे." घरबसल्या काम करणाऱ्या बाईला टाका ओळखू येतो. म्हणजे आता तिला माहीत आहे की अक्काने शिवला, आणि अक्काला माहीत नाही कुणासाठी. किंवा आहे. विचारायचं नाही.

५ एप्रिल, शनिवार
कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ. सगळा निघाला. डॉ. बाईंनी रिपोर्ट मला वाचून दाखवला, मग परत वाचला, स्वतःसाठी.
चौ.ने विचारलं, म्हणजे तो गेला?
"बिघाड गेला. विषाणू गेला का, ते तुझं अंग ठरवणार. बहुतेक घालवेल. सहा महिन्यांनी बघू. मग पुन्हा बघू. सोडायचं नाही."
चौ. म्हणाली, सहा महिन्यांनी मी एकटी इकडे आले तर गल्लीला कळेल.
हे कुणालाच सुचलं नव्हतं.

६ एप्रिल
अक्काला फक्त एवढंच म्हटलं, सहा महिन्यांनी एकीला पुन्हा यावं लागेल. तिने सुई केसांत खोवली. "एकीला का? चौदांना."

१९ जून
पाऊस पडून आठ दिवस झाले, मी अजून नोकरीत. अण्णा पैज हरले म्हणून मसाला डोसा. आता आम्ही आमच्या गल्लीची रीत सगळीकडे लावतो: घड्याळ, पुडकं, दहा मिनिटं. बनशंकरीला मागच्या वेळी एकोणीस होत्या, आज एकेचाळीस. नळाच्या रांगेत मी पेन्सिलची गोष्ट सांगते, आधी सगळ्या हसतात, मग येतात. मर्सी सिस्टर म्हणते तुझ्या चुकीला पगार दिला पाहिजे वेगळा.
हैदराबादला जाणाऱ्या एका पोरीने चल म्हटलं होतं. चारमिनार बघायचा आहेच. ऑक्टोबरनंतर बघू.

१८ ऑक्टो., शनिवार
चौदाच्या चौदा. दसऱ्याच्या नव्या साड्या. ड्रायव्हर आता काही विचारत नाही. वाटेत खैरूनबीने सगळ्यांना दमात घेतलं, आत बसून मसाल्यावर बोलू नका, डॉक्टरला काहीतरी नवीन सांगा.
दोन-तीनजणींनी रस्त्यावरून शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या बायका गाडीत घेतल्या. त्यांची तपासणी चौदांनंतर.
नंबर कोरले, पेन्सिलने लिहिले. प्रत्येक पट्टी बरणीत सोडण्याआधी मी नंबर पुन्हा वाचला.

१ नोव्हें., शनिवार
रिपोर्ट. चौदाजणी, आणि मागे शेजारच्या गल्लीतल्याही रिपोर्टला आलेल्या. दारात उभी होते, घड्याळ मीच लावत होते. सुरू व्हायच्या आधी डॉ. बाईंना हळूच विचारलं, चौ.चं काय आलं?
त्यांनी चष्मा काढून पुसला. "अट काय आहे?"
"कुणी कुणाला विचारायचं नाही."
"मग?"
"पण मी तर..."
"तू चौदांतली आहेस का?"
म्हटलं, नाही.
"मग तर मुळीच नाही. तिला वाटलं तर ती सांगेल. घड्याळ लाव."
पहिली आत गेली. दहा मिनिटं. दुसरी. कुणीतरी बाहेर येऊन हसलं, कुणी नाही. चौ. गेली, आतून काहीच ऐकू आलं नाही, घड्याळ वाजलं, ती बाहेर आली, हातात पुडकं. माझ्याजवळ थांबली. माझ्या मनगटाचा दोरा सैल झाला होता, तो तिने घट्ट बांधला, दोन गाठी, टोक दाताने तोडलं, आणि भिंतीशी जाऊन बसली.
चौदाजणी ओळीने, चौदा पुडकी मांडीवर. मी एकेकीकडे बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काही म्हणजे काही कळलं नाही.
पुढची कोण, असं विचारलं, तर शेजारच्या गल्लीतली एक उठली.